गाडीच्या पोटाखालचा माणूस

अहो, काल तुमची गाडी धुतली. वरून नाही, खालून. वरून काय, कुणीही धुतं. मी तुमच्यासारखी धुतली, पुढची चाकं एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं पूर्ण वळवून, आत कोपरापर्यंत हात घालून. कंबर गेली आहे आणि नखांतली काळी माती अजून निघालेली नाही. उद्या लॅबमध्ये कुणाचं रक्त काढायला बसले तर हे हात बघून पेशंट पळून जाईल.

आणि आज तीच गाडी घेऊन मी गावी वळसंगला जाऊन आले. एकटीनं चालवत. तुम्ही असतात तर बोळाच्या तोंडालाच आडवे पडला असतात.

तिथं काय झालं ते सांगायलाच बसलेय. पण सरळ तिथवर पोचता येत नाही मला. दमलेलं माणूस आडवळणानं बोलतं, तेवढं सांभाळून घ्या.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. दहाव्याला ओढ्यावरून परत आल्यावर तुमचे चुलते अंगणात पाय धूत होते. गाडी समोरच उभी होती. तिच्याकडं बघत म्हणाले, "गाडी लाभली न्हाई बगा सिद्रामला." एवढंच. वाईट मनानं नाही म्हणाले, सवयीनं म्हणाले. पण अशा बोलण्याला पाय फुटतात. संध्याकाळपर्यंत ते भावकीत फिरलं आणि आठवड्यात भवानी पेठेत आपल्या बोळात येऊन पोचलं. गेल्या दसऱ्याला गाडी घेतली, पुढचा दसरा यायच्या आत मालक गेला; लोकांना एवढं पुरतं. शेजारच्या अम्मा, ज्या देवाशी तेलुगूत आणि माझ्याशी मराठीत बोलतात, त्यांनीसुद्धा भिंतीपलीकडून हळूच सांगितलं, "काढून टाक बाई ती गाडी."

माझा भाऊ दिलीप तर गिऱ्हाईक घेऊनच बसलाय. परवा फोनवर म्हणाला, "अक्का, नवी कोरी आहे, आत्ता लगेच जाईल. दारात ठेवून रोज बघत बसणार का तू?"

मी म्हटलं, "अव्वांना विचारल्याशिवाय नाही."

"अव्वा बोलतात का तुझ्याशी?"

तुमची आई, जी मेंढरांशी, कोंबड्यांशी, चुलीतल्या लाकडाशीसुद्धा दिवसभर बोलते, ती तुम्हाला उचललं त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तेराव्यापर्यंत मी तिथंच होते. ताट समोर ठेवलं की जेवायच्या, डोक्याला तेल लावलं की लावून घ्यायच्या, पण माझ्याकडं बघायच्या नाहीत. मी खोलीत आले की त्यांचं तोंड भिंतीकडं. पूजा तिसऱ्यांदा म्हणाली, "आई, आजी तुझ्यावर का रागावलीय?" तिला पुण्याला नोकरीवर परत जायचं होतं, मी म्हटलं, दुःखात माणूस असंच वागतं, तू जा. पण मला आतून कळत होतं. गाडी घ्या, गाडी घ्या म्हणून मागं लागले होते ती मीच. शहरातली सून आणली, तिनं गाडी घ्यायला लावली, आणि गाडीनं पोरगा नेला, असं त्या माउलीनं मनात धरलं असलं तर मी काय बोलणार होते?

गाडी विकायची की ठेवायची, हा प्रश्न माझ्यापुढं नव्हताच. अव्वांच्या दारात मला जागा उरली आहे का, एवढंच कळायला हवं होतं. आणि ते कळायचं तर गाडी घेऊनच त्या दारात जायला हवं होतं. तुम्ही गेल्यावर पंधरा दिवस भावकीनं ती वळसंग-सोलापूर अशी वापरली, कुणाला स्टँडवरून आण, कुणाला अक्कलकोटला सोड. चाकांच्या वर कमानीत चिखल थापून बसला होता. तशी कशी नेणार होते? तुमची गाडी, आणि चिखलासकट तुमच्या आईपुढं?

गाडी घेतली तो दिवस आठवतोय का? लोक नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबं ठेवतात, नारळ फोडतात, पेढे वाटतात, फोटो काढतात. तुम्ही हातरुमाल फरशीवर पसरलात, नव्या शर्टासकट त्यावर आडवे झालात आणि मोबाइलची बॅटरी लावून गाडीच्या पोटाखाली बघत राहिलात. मी नारळ घेऊन उभी. शोरूमचा माणूस घाबरला, त्याला वाटलं काही गळतंय. "सर, काय झालं?" तर खालून तुमचा आवाज, "काही नाही, ओळख करून घेतोय."

त्या माणसानं मग तुम्हाला गंज धरू नये म्हणून मारतात त्या खालच्या कोटिंगचं सांगायला सुरुवात केली, आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. फॅक्टरीतून काय मारून येतं? कुठं कुठं मारतात? तुम्ही वरून मारणार ते धुऊन, वाळवून मारणार की तसंच? दाराच्या खालच्या पट्टीत पाणी जायची भोकं असतात ती बुजवणार का? सायलेन्सरवर गेलं तर? बिचारा साहेबाला बोलावून आणतो म्हणून गेला तो परत आलाच नाही. पूजेला आलेले गुरुजी घड्याळ बघत होते. मला त्या दिवशी तुमची लाज वाटली होती. आज त्या प्रसंगावर एकटीच हसते, आणि हसता हसता मला बसावं लागतं.

मग वर्षभर आपला एकच वाद. मी म्हणायची, "सोलापूर आहे हे. इथं माणसं वाळून जातात, लोखंड कुठलं गंजतंय?" आणि तुम्ही पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कॅनॉलच्या गेटवर बोलायचात त्याच आवाजात सुरू व्हायचात. पाऊस किती पडतो त्याच्यावर काही नसतं, चिखल किती दिवस ओला राहतो त्याच्यावर असतं. आपली काळी माती चाकाच्या वर, पत्र्याच्या आतल्या दुमडीत जाऊन बसली की महिनाभर पाणी धरते. वरून ऊन, आत ओल. आणि वळसंगला गाडी लागते कुठं? मेंढवाड्याच्या कडेला. "त्या वाड्याचं फाटक बघितलंस का? खालचा गज कुणी खाल्ला? मेंढराच्या मुतानं खाल्ला." आता मुताचा विषय निघाल्यावर मी जेवणाच्या ताटावर काय वाद घालणार? पण हार मी कधी मानली नाही, तुम्हीही मानली नाहीत. तो वाद तसाच अर्धा पडलाय. माझ्याकडं नवीन मुद्दे आहेत अजून.

सात रस्त्याजवळच्या वॉशिंग सेंटरवर तर तुमचं नावच पडलं होतं. गाडी रॅम्पवर चढली की बाकीची गिऱ्हाइकं सावलीत चहा प्यायला जायची, तुम्ही खाली खड्ड्यात उतरायचात. अंगावर काळं पाणी ठिबकतंय आणि तुमचं चाललंय, इथं मार, तिथं नको, वायरच्या जोडावर प्रेशर मारू नको, गाडी आत्ताच आलीय, ब्रेक गरम आहेत, आधी निवू दे. पहिल्या खेपेला धुणारा पोरगा वैतागून म्हणाला होता, "साब, नवी गाडी हय, नीचे कायकू देखते? नीचे देखने कौन आता?" तुम्ही म्हणालात, "मैं आता." पुढच्या खेपेपासून आपली गाडी वळली की तो आत ओरडून सांगायचा, "आ गये रे, नीचेवाले साब आ गये!" मी गाडीत तोंड लपवून बसायची.

घरी धुवायचं म्हणजे वेगळी तऱ्हा. आपल्या बोळात पाणी येतं तेव्हा येतं, त्या पाण्यानं गाडीचं पोट धुतलं असतं तर बायकांनी मला नळावर उभी केली नसती. तुम्ही कपड्यांचं शेवटचं खळबळून काढलेलं पाणी बॅरलमध्ये साठवायचात, आणि शेतात औषध मारतात तसला नवा फवारणी पंप आणून ठेवलात खास गाडीसाठी. रविवारी सकाळी पंप पाठीला लावून बोळात उतरलात की अम्मा खिडकीतून विचारायच्या, "काय साहेब, गाडीला कीड लागली?" तुम्ही गंभीरपणे म्हणायचात, "लागू नये म्हणून."

आधी भिजवायचं, मग थांबायचं, मग काढायचं. कोरडा चिखल खरवडला की रंगासकट येतो. लाकडाची काडी चालेल, स्क्रू-ड्रायव्हर नाही. चाक वळवलं की जो भाग उघडा पडतो तिथं आधी, मग आतल्या प्लॅस्टिकच्या कडेला, मग मडफ्लॅपच्या मागं. आणि झालं की लगेच एक चक्कर मारून आणायची, ओली गाडी कापड टाकून झाकायची नाही. हे सगळं मी कधी विचारलं नव्हतं. तुम्ही मला शिकवतही नव्हतात, नुसते बडबडत होता. मी बोळाच्या पायरीवर मेथी निवडत बसलेली असायची. कधी हे माझ्या डोक्यात जाऊन बसलं, देव जाणे.

आणि ते लोकरीचं प्रकरण! मोबाइलवर कुठंतरी बघितलंत की परदेशात मेंढीच्या लोकरीतलं तेल काढून गाडीच्या खाली मारतात, त्यानं गंज धरत नाही. झालं. "सात पिढ्या मेंढरं राखतोय आम्ही, आणि ते तेल मी डब्यातून विकत आणू?" वळसंगला गेलात, कातरलेली लोकर मागितलीत, अंगणात तीन दगडांवर मोठं पातेलं चढवलंत आणि दिवसभर लोकर उकळत बसलात. अव्वा आधी काही बोलल्या नाहीत, त्यांना वाटलं ऑफिसचं काही काम असेल. संध्याकाळी वर काय आलं? बोटभर पिवळट साय, आणि तिच्यात काड्या, लेंड्या, गोचडीसुद्धा होती एक. तुम्ही ती फडक्यातून गाळलीत. पुरणार नाही म्हणून तिच्यात करडईचं तेल ओतलंत. आणि ते मिश्रण ब्रशनं चारी चाकांच्या आत फासलंत.

अव्वा कमरेवर हात ठेवून बघत होत्या. मग म्हणाल्या, "अरं ल्येका, गाडीला थंडी वाजती का?" आणि हसायला लागल्या ते थांबेचनात. "आपली मेंढरं काय त्याल गाळत्यात व्हय? हितं त्येंनाच खायाला मिळंना!"

पुढचे पंधरा दिवस सोलापुरातली निम्मी कुत्री आपल्या गाडीच्या मागं होती. सिग्नलला थांबलं की वास यायचा. धूळ चिकटून चाकाच्या आत जाड थर बसला, मुंग्या झाल्या. डब्यातलं कोटिंग शेवटी तुम्ही गुपचूप मारून आणलंतच, पण त्याआधी ते मेंढराचं तेल काढायला तुम्हाला दोन रविवार लागले आणि माझी भांडी घासायची पावडर संपली. "आपली मेंढरं कोरडी निघाली," एवढंच म्हणालात. प्रयोग चुकला असं तोंडातून काढलं नाहीत.

मी चेष्टा करते, पण मला सगळं कळत होतं. तुम्हाला खालचं बघायची खोडच होती. फ्रीजच्या खाली, पाण्याच्या टाकीच्या खाली, माझ्या स्कूटीच्या स्टँडला. थंडीत माझ्या टाचा फुटल्या की तेच करडईचं तेल वाटीत घेऊन बसायचात. मी लाजून पाय ओढून घेतला की म्हणायचात, "दे इकडं, दिवसभर उभी असतेस तू लॅबमध्ये." माझ्या माहेरी कुणा पुरुषानं कुणा बाईच्या पायाला असा हात लावलेला मी बघितला नव्हता. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आज म्हणते. मला फार बरं वाटायचं हो.

आणि म्हणूनच राग येतो. अहो, एवढं सगळ्यांच्या खाली वाकून बघणारा माणूस, स्वतःच्या बरगडीखाली काय चाललंय ते नाही बघितलंत? तो शेवटचा रविवार. गाडीखालून निघालात तेव्हा शर्ट घामानं चिंब, ओठ पांढरे. डावा हात दाबत होतात. मी मेथी टाकून उठले. "काय होतंय?" तर म्हणे, "पाठ धरली. खाली वाकून धरली." मी म्हटलं, चला, ईसीजीची पट्टी काढू, रक्त तपासू. "पुढच्या आठवड्यात." मी रोज अख्ख्या पेठेच्या दंडाला फीत बांधते, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन तुमचा दंड माझ्या हाती कधी आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पुढचा आठवडा आलाच नाही. मंगळवारी ऑफिसातून फोन आला.

तुम्हाला त्याआधी कधी दुखलं होतं का, हे मी स्वतःला महिनाभर विचारतेय. ऑफिसातल्यांना विचारलं, ते नाही म्हणाले. तुमच्या मित्रांना विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणाला ठाऊक नव्हतं, मग मलाही नसणारच, अशी स्वतःची समजूत घालून मी झोपत होते.

असो. काल अर्धा दिवस होता. बॅरलमध्ये पाणी साठलं होतं, कारण तुमची सवय मला मोडता आलेली नाही. पंप पाठीला लावला. पट्टे तुमच्या मापाचे, माझ्या खांद्यावरून घसरत होते. अम्मांनी खिडकी लावून घेतली. भिजवलं, थांबले. मग काडीनं काढायला लागले तर ढेपाच्या ढेपा पडल्या. मागच्या डाव्या चाकाच्या वर, अगदी आतल्या दुमडीत हात गेला, आणि ओल्या मेंढराचा वास आला. त्या खोबणीतलं तुमचं तेल तुम्हालाही काढता आलं नव्हतं. मी तिथंच चाकाला टेकून बसले. रडू आलं, मोठ्यानं आलं. बोळात आलं याची लाज वाटली नाही. नंतर उठून राहिलेली दोन चाकं धुतली, कारण दोन धुऊन दोन तशीच ठेवली असती तर तुम्ही मला सोडलं नसतं. गाडी एक चक्कर फिरवून वाळवून आणली. मग अंघोळ केली, आणि जेवलेच नाही.

आज रविवार, अव्वांचा आयतवार. सकाळी निघाले. लायसन्स माझं तुमच्या आधीचं, पण तुम्ही मला सात रस्त्याच्या पुढं कधी चालवू दिली नाहीत. "तू खड्डा बघत नाहीस, सरळ घालतेस," हे तुमचं कायमचं. अक्कलकोट रोडला ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला. गाडीपेक्षा अव्वांची भीती जास्त होती.

अव्वा ओट्यावर बसल्या होत्या. गाडीचा आवाज आला तशा त्या उठल्या. सवयीनं उठल्या हो, दर रविवारी उठायच्या तशा, पदर डोक्यावर घेत. मग काचेतून मी दिसले, आणि त्या परत खाली बसल्या. वाटलं, तशीच गाडी मागं घ्यावी आणि जावं. पण मला मागं घ्यायला नीट येत नाही, तेही तुम्हाला ठाऊक आहे.

उतरले. त्यांच्यापुढं उभी राहिले. म्हटलं, "अव्वा, गाडी आणलीय. लाभली नाही म्हणतात सगळे. तुम्ही सांगाल ते करते. विकायची तर विकते. मला येऊ नको म्हणालात तर..."

त्या ओट्याला धरून उठल्या, गाडीजवळ आल्या. गुडघे वाकत नाहीत त्यांचे, तरी एका हातानं दार धरून वाकल्या आणि दुसरा हात चाकाच्या वर आत घातला. आत बोटं फिरवली, हात बाहेर काढून बघितला.

"धुतलीस?"

महिनाभरातला पहिला शब्द. मी मान हलवली.

"हातानं धुतलीस, आतनं?"

"हो, अव्वा."

त्या दार धरून सरळ झाल्या. मग म्हणाल्या, "मला वड्याला न्हे. बायांनी जाऊ न्हाई म्हनत्यात, मला कुनी न्हेलंच न्हाई. आनी आता गुडघं न्हेत न्हाईत."

ओढ्याची वाट तुम्हाला काय सांगू? परतीचा पाऊस होऊन गेलाय, बैलगाडीच्या चाकोऱ्यांत घोटाभर चिखल. ही वाट तुम्ही गाडीला कधी दाखवली नाहीत, बांधावर लावून चालत जायचात. मी घातली. चाकं जागच्या जागी फिरली, काळ्या मातीचे गोळे पत्र्यावर धाडधाड आदळले, गाडीचं पोट मधल्या वरंब्याला घासलं. अव्वा पुढच्या सीटवर, वरच्या कडीला दोन्ही हातांनी धरून. वर्षभरात त्या या गाडीत कधी बसल्या नव्हत्या. नवी हाय, माझ्या पायाची घान लागंल, म्हणायच्या. आज चप्पल न काढता बसल्या होत्या.

बाभळीखाली तुम्हाला सरणावर ठेवलं ती जागा काळी आहे अजून, पण कडेनं गवत आलंय. मी गाडी बंद केली. त्या उतरल्या नाहीत. काच खाली करायला सांगितली आणि बघत राहिल्या. मीही बघत राहिले. लांब कुणाची तरी मेंढरं ओरडत होती.

मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "त्येच्या छातीत दुकत हुतं."

मी म्हटलं, "कुणाच्या?"

"सिदाच्या. मला सांगितलं हुतं त्यानं. उन्हाळ्यात हितंच बसला हुता, छाती धरून. मागनं बैलपोळ्याच्या वक्ताला परत. म्हनला, रेकाला सांगू नगं, ती लगीच सुई घिऊन बसंल. माज्या गळ्याची आन घातली. मी काय केलं, हळद-दूद दिलं. दुसरं काय केलं न्हाई." त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला वाकून ऐकावं लागलं. "तुला एक फोन केला आसता तर तू वडून न्हेला आसता त्येला. तुज्याकडं बगायला मला त्वांड न्हाई, पोरी."

अहो, खरं सांगू? त्या घडीला तुम्ही समोर असतात तर मी तुम्हाला मारलं असतं. आईला सांगितलंत. दोन वेळा सांगितलंत. आणि जिचं कामच हे आहे, जी शेजारी झोपते, तिच्यापासून लपवलंत, सुईला भिऊन! माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, की अव्वा, तुम्ही का नाही सांगितलं हो? एक फोन. मी धावत आले असते. ते आलेलं वाक्य अजून छातीत अडकलंय.

पण मी त्यांच्या हातांकडं बघितलं. बोटं पदरात गुंडाळून बसल्या होत्या, शाळेत मार खायला उभ्या राहिलेल्या पोरीसारख्या. तेव्हा भिंतीकडं तोंड केलं होतं ते माझ्यावरच्या रागानं नव्हे, शरमेनं. या वयात त्यांनी हे उरावर घेऊन किती दिवस काढायचे?

मी म्हटलं, "अव्वा, मला माहीत होतं."

त्यांनी मान वळवली. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुला?"

"हो. तुमच्या आधी मलाच सांगितलं होतं त्यांनी. मी म्हटलं, चला तपासू. आले नाहीत. हात धरून ओढलं, तरी आले नाहीत. तुम्ही फोन केला असता तरी आले नसते."

"खरं?"

"तुमची शपथ."

अव्वा रडल्या. तुम्हाला उचललं तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या. पुढच्या काचेखाली डोकं टेकवून, हंबरडा फोडून रडल्या, आणि मी त्यांची पाठ धरून बसले. नंतर घरी येऊन त्यांनी भाकरी थापल्या. मला समोर बसवून जेवायला घातलं, दोनदा वाढलं, आणि निघताना विचारलं, "आयतवारी येशील न्हवं?" येईन म्हटलं. दिलीपला रस्त्यातूनच कळवलं, गिऱ्हाइकाला नको म्हण.

आता ऐका. अव्वा तुमच्याशी बोलत असणार, माझ्यासारखंच. कधीतरी विचारतील, का रे सिदा, तिला खरंच सांगितलं हुतंस? तुम्ही हो म्हणा. मला तुम्ही कधीच काही सांगितलं नाहीत, हे आपल्या दोघांतच राहू द्या.